मुक्तास, ब्रेक आणि दिव्यांबद्दल

वाई

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, ब्रेकचं पेडल स्पंजासारखं लागतंय आणि डावा इंडिकेटर दिला की मागचा लाल दिवाही त्याच्याबरोबर मिणमिणतो. गॅरेजवाला म्हणतो, मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ऑईलमधून चाकांकडे ढकलणारा पंप) आणि मागचं सगळं वायरिंग बदला. तू लगेच हो म्हणाली नाहीस ते बरं केलंस. आपली मारुती ८०० गाडी आता वीस वर्षांची झाली, तिचे पार्ट बदलावे लागणारच, पण आधी बिघाड कुठे आहे ते कळू दे.

दिव्यांचं आधी सांगतो, ते सोपं आहे. एक दिवा दुसऱ्याच्या तालावर नाचायला लागला की नव्वद टक्के अर्थिंगचा दोष असतो. करंटला बॉडीकडे परतायची वाट सापडत नाही, मग तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. डिकी उघड, डाव्या दिव्यामागची काळी वायर बॉडीला जिथे स्क्रूने कसलीय ती जागा बघ. गंज दिसेल. स्क्रू काढून पत्रा आणि वायरचं टोक दोन्ही पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घास आणि परत घट्ट कस. त्याआधी खात्री करायची असेल तर होल्डरच्या अर्थपासून स्वच्छ पत्र्यापर्यंत एक सुटी वायर टेकव. दिवा नीट लागला तर दोष तिथेच आहे.

एकाच बाजूचा ब्रेक लाइट गेला तर बल्ब किंवा होल्डर. दोन्ही एकदम गेले तर फ्यूज, नाहीतर पेडलच्या वर बसवलेला छोटा स्विच. फ्यूज उडाला म्हणून तिथे तार गुंडाळू नकोस, जास्त अँपिअरचाही घालू नकोस. गाडीला आग लागते ती अशानेच.

आता ब्रेक. इंजिन बंद ठेवून पेडल पायाने दाबून धर आणि मिनिटभर तसंच ठेव. हळूहळू खाली जात राहिलं आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर गेलंय, गॅरेजवाल्याचं बरोबर. पण ते खाली न जाता नुसतं मऊ लागत असेल आणि दोन-तीनदा पंप केल्यावर वर येत असेल, तर ब्रेकच्या ऑईलच्या नळ्यांमध्ये हवा आहे किंवा मागच्या ब्रेकचे लायनर, म्हणजे घासणारे पट्टे, झिजलेत. चारही चाकांच्या आतल्या बाजूला हात फिरव. ओलं, तेलकट लागलं तर गाडी जागची हलवायची नाही.

ब्रेक ऑईल जुनं असेल, हा माझा पहिला संशय. तू आठ वर्षांची असताना आपण पाचगणीहून पसरणीच्या घाटाने उतरत होतो. तू मागे झोपली होतीस. मी चौथ्या गिअरमध्ये सारखा ब्रेकवर पाय ठेवून येत होतो आणि शेवटच्या वळणांवर पेडल थेट तळाला गेलं. पंप करत, गिअर तिसऱ्यावर आणि मग दुसऱ्यावर टाकून, हळूहळू हँडब्रेक ओढत गाडी कडेला घेतली. तुझी आई एक शब्द बोलली नाही. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा कडक लागलं, जणू काही झालंच नव्हतं. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं. डॉट तीन दर्जाचं नवं ऑईल २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं १४० च्या आसपास. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. मी पाच वर्षांत ऑईल बदललं नव्हतं. तेव्हापासून दर दोन वर्षांनी बदलतो, आणि ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरतो.

ऑईल आणशील ते मास्टर सिलिंडरवरच्या बाटलीच्या झाकणावर लिहिलेलंच आण, सीलबंद. इंजिन ऑईलचा थेंबही त्यात पडू देऊ नकोस, रबरं फुगतात. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धू. गाडी सपाट जागी, पहिल्या गिअरमध्ये, चाकांना दगड लावून. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला दोन माणसं लागतात. माझ्याबरोबर तुझी आई बसायची. मी खालून "दाब" म्हणायचो, ती म्हणायची "दाबलं", मी चाकामागचा निपल (हवा सोडायचा छोटा स्क्रू) अर्धा आटा सैल करायचो, परत कसायचो, आणि मगच "सोड". निपल कसण्याआधी पाय उचलला की हवा परत आत. तुझ्या मैत्रिणीला हे आधी नीट समजाव. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक पहिलं, जवळचं शेवटी, आणि मधेमधे बाटलीत ऑईल भरत राहायचं.

काम झाल्यावर आधी आवारात, पायी चालण्याच्या वेगाने ब्रेक मारून बघ. गाडी एका बाजूला ओढली किंवा पेडल परत मऊ लागलं तर टो करूनच गॅरेजला ने. मग गणपतीला एसटीने ये, मी स्टँडवर घ्यायला येईन.

रविवारी सकाळी फोन जवळ ठेवतो. निपलला पारदर्शक नळी लाव आणि व्हिडिओ कॉल कर, तिच्यातून बुडबुडे येतात का ते मला बघायचंय.

तुझे,
बाबा