सुतारकाका, तुमच्या पंच्यासाठी

सुतारकाकांस सप्रेम नमस्कार,

पायांखालच्या चकत्या तुम्ही बदलल्यापासून नौपाड्यातल्या त्या चार सागवानी खुर्च्या लादीवर चूं न करता सरकतात. पण हे पत्र तुमच्या पंच्यासाठी आहे. खुर्ची उलटी करण्याआधी तुम्ही खांद्यावरचा पंचा जमिनीवर अंथरलात आणि पाठीची वरची पट्टी त्यावर अलगद टेकवलीत. जुन्या लाखेच्या पॉलिशवर ओरखडासुद्धा नाही. कुणी सांगितलंही नव्हतं. आधीच्या दुकानात यातलीच एक खुर्ची सिमेंटच्या कोब्यावर आदळली होती.

तिथे पायाखालची झिजलेली लोखंडी चकती न काढताच तिच्यावर नवी ठोकली होती. पायाच्या टोकाला लाकडाच्या रेषांची तोंडं उघडी असतात. तिथे खिळ्याची पकड मुळात कमी, आणि आधी भोक न पाडता ठोकलं की लाकूड रेषेत फाटतं. बोटभर चीर गेलीच. वर तो पाय उंच होऊन खुर्ची डुगडुगायला लागली, तर तोच पाय तासू म्हणे! तासलेलं सागवान परत येतं का?

तुम्ही करवतीला हातच लावला नाहीत. पुट्टीच्या पात्याखाली सनमायकाचा तुकडा ठेवून, कडा न दाबता, चकती चहूबाजूंनी थोडी थोडी उचललीत आणि पकडीने सरळ ओढलीत. हलवत काढली की भोक सैल होतं. एका पायात गंजलेला खिळा तुटून आत राहिला. त्याच्याभोवती बारीक भोकं पाडून तो मोकळा केलात, तिथे ६ मिमीची सागाची खुंटी फेविकॉल लावून बसवलीत, चिरेतही फेविकॉल भरून क्लॅम्प आवळलात आणि म्हणालात, "आता उद्या." २४ तास. हा धीर हल्ली विकत मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी २ मिमीच्या खिळ्याला १.५ मिमीचं भोक, चकती काठापासून ३ मिमी आत, म्हणजे कड उडत नाही. चारही पायांच्या चकत्या एकदम बदलल्यात, कारण एकच नवी घातली तर तोच पाय उंच होतो. चकतीचा तळ नायलॉनचा निवडलात. नमद्यात, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या तळात, कचकच अडकून लादी घासली जाते, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात ओल्या लादीवर लोखंडाचे गंजाचे डाग पडतात. तरी एक पाय आखूड निघाला, तेव्हा तो पाय आणि त्याची चकती यांच्यामध्ये १ मिमीचा सनमायकाचा गोल बसवलात.

परक्याच्या वस्तूला इतक्या मायेने हात लावणारी माणसं आहेत, हे पाहून भरून आलं.

पंच्यावर गंजाचा डाग पडलेला दिसला. सोबत नवा पाठवते आहे. नाही म्हणू नका.

तुमची ऋणी,
नौपाड्यातल्या खुर्च्यांची मालकीण