चौथ्या दिवशी येणारा फोन

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सिग्नल सुटतो, पुढची स्कूटर अडखळते आणि मागच्या मोटारीचा बंपर तिच्या नंबरप्लेटवर आदळतो. दोघे उतरतात, शब्दाला शब्द लागतो, मागून हॉर्न वाजू लागतात आणि ‘जाऊ द्या हो’ म्हणत दोघेही निघून जातात. चौथ्या दिवशी फोन येतो : ‘त्या दिवशी तुमच्या गाडीनं ठोकलं. मागं बसलेल्या मुलाच्या पायाला लागलंय, गाडीचं बिल वेगळं. वीस हजार पाठवा, नाहीतर केस करतो.’ या फोनची बातमी होत नाही, पण माणसे चुकतात ती इथेच. कुणी घाबरून त्याच संध्याकाळी पैसे पाठवतो, तर कुणी ‘मी तिथं नव्हतोच’ म्हणून हात झटकतो. हात झटकणे जास्त वाईट, कारण चौकातल्या कॅमेऱ्यात गाडी दिसली की पुढचे खरे बोलणेही कुणी ऐकत नाही.

आधी कायद्याचे. ‘किरकोळ धडक पोलिसांना कळवावी लागत नाही’ हा समज सार्वत्रिक आहे आणि तो चुकीचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १३४ माणूस जखमी झाला तरी लागू होते आणि दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले तरी. जखमीला उपचार मिळतील हे चालकाने पाहायचे, जागेवर पोलीस नसतील तर जवळच्या ठाण्यात शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांत खबर द्यायची आणि विमा कंपनीलाही लेखी कळवायचे. कळवताना पॉलिसीचा क्रमांक व मुदत, अपघाताची तारीख, वेळ, जागा, जखमींची माहिती, चालकाचे नाव आणि लायसन्सचा तपशील द्यायचा. हे न केल्यास कलम १८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

२४ तास उलटून गेले म्हणून दार बंद झाले असे मात्र नाही. उशिरा का होईना, अर्ज द्यावा. त्यात उशिराचे कारण खरे लिहावे : ‘त्या वेळी कोणी जखमी दिसले नाही, दोघेही आपापल्या गाडीने गेलो, आज अमुक वाजता भरपाईच्या मागणीचा फोन आला.’ एवढ्या चार ओळी पुरतात. दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय बाहेर पडू नये. ठाणे अंमलदार ‘नुकसान किरकोळ आहे, आपसात मिटवा’ म्हणाले तरी अर्जाची पोच मागावी. भरपाई किती द्यायची हे ठरवणे पोलिसांचे काम नव्हे. आपल्याला हवी आहे ती तारखेची नोंद, कारण पुढे ‘पळून गेला’ असा आरोप झाला तर तोच कागद उपयोगी पडतो.

फोनवर काय बोलायचे? ‘तब्येत कशी आहे?’ हे जरूर विचारावे, माणुसकीने चौकशी केली म्हणजे चूक कबूल केली असे होत नाही. ‘माझंच चुकलं, काय होईल ते मी देतो’ हे मात्र फोनवरही नको आणि व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको. धडकेची वेळ, जागा आणि दोन्ही गाड्यांचे क्रमांक आधी त्यांच्याकडून घ्यावेत. रस्त्यात नंबर टिपून न झालेल्या धडकेचे पैसे मागणारेही असतात. मग गाडीचे फोटो, गॅरेजचे अंदाजपत्रक आणि उपचाराचे कागद मागावेत आणि ‘विमा कंपनीला कळवून दोन दिवसांत सांगतो’ म्हणून फोन ठेवावा. ‘केस करतो’ या धमकीला उत्तर एकच : ‘जरूर करा, मीही ठाण्यात येतो.’ तेवढ्यावरून ‘खंडणी मागतो’ अशी उलट आरोळी ठोकू नये. समोरच्याचे नुकसान खरे असेल तर तक्रार करण्याचा त्याला हक्क आहे.

विमा कंपनीला आधी कळवण्यामागे कारण आहे. मोटार पॉलिसीच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरांत एक अट असते : कंपनीच्या लेखी संमतीवाचून विमाधारकाने चूक कबूल करू नये, रक्कम देऊ करू नये, वचन देऊ नये. परस्पर पाच हजार देऊन ‘मिटवले’ आणि महिन्याभराने समोरचा दोन लाखांच्या दाव्याने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात (अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या न्यायालयात) गेला, तर कंपनी या अटीवर बोट ठेवून अंग काढून घेऊ पाहते. तृतीय पक्षाच्या, म्हणजे धडक लागलेल्या समोरच्याच्या, दाव्याने नो क्लेम बोनस (दावा न केलेल्या वर्षांबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जाईल या भीतीनेही लोक कळवत नाहीत. ती भीती फोल आहे. बोनस स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा केला तर जातो. पॉलिसीची मुदत संपलेली असेल तर मात्र सगळा भार मालकावर, मग गाडी मित्र चालवत असला तरीही.

पुरावा नासतो तो वेळेमुळे. दुकानांच्या आणि सोसायट्यांच्या कॅमेऱ्यांवर जुने चित्रण काही दिवसांत पुसले जाऊन त्यावर नवे चढते. म्हणून फोन आला त्याच दिवशी त्या दुकानदाराला भेटावे आणि चित्रण जपून ठेवण्याची विनंती लेखी द्यावी. स्वतःच्या बंपरचे फोटो पॉलिश मारण्याआधी काढावेत. एक फोटो लांबून, नंबरप्लेटसह. एक जवळून, ओरखड्याशेजारी जमिनीवर टेकवलेली मोजपट्टी उभी धरून, म्हणजे जमिनीपासूनची उंची मोजता येते. स्कूटरचा मार त्या उंचीशी जुळतो की नाही, हे सर्व्हेअर (विम्यासाठी नुकसान तपासणारा) पहिल्यांदा पाहतो. मूळ फोटो फोनमध्येच राहू द्यावेत. व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या प्रतीत चित्र दबते आणि वेळ-जागेची नोंद निघून जाते.

इजा झाल्याचा दावा असेल तर रोख देऊन मिटवण्याच्या वाटेला जाऊच नये. आज साधी सूज वाटते आणि आठवड्याने एक्स-रेत हाडाला चीर निघते. दवाखान्याच्या केसपेपरवर ‘हिस्टरी’ची, म्हणजे इजा कशी झाली याची, ओळ वाचावी. पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून पुष्कळ खरे जखमीही तिथे ‘घरात घसरून पडले’ असे सांगतात आणि स्वतःचाच दावा अधू करून बसतात. निष्काळजी वाहन चालवून इजा केल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १२५ खाली नोंदतात. यातले २८१ पक्षकारांना आपसात मिटवता येत नाही. समजुतीचा कागद झाला तरी गुन्हा रद्द करायला उच्च न्यायालयात जावे लागते. भरपाईचा अर्ज सहा महिन्यांत करावा अशी मुदत १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये आहे. पण या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, तेव्हा ‘सहा महिने झाले, सुटलो’ असे गाडीमालकाने समजू नये.

आता नुसत्या पत्र्याचे बोलू. इथे विमा कंपनीची लेखी संमती घेऊन आपसात मिटवणे शहाणपणाचे असते, कारण आठ-दहा हजारांसाठी न्यायाधिकरणाच्या फेऱ्या कोणालाच परवडत नाहीत. पण मिटवायचे किती रकमेत? समजा, समोरची मोटार साडेतीन वर्षांची आहे आणि जीएसटी सोडून बिल २०,००० रुपये : बंपर ६,०००, फेंडर (चाकावरचा पत्रा) ४,०००, पेंटिंग ८,०००, मजुरी २,०००. ते स्वतःच्या विम्यातून काम करून घेऊ शकतात. घसारा (वापराने झालेली भागांच्या किमतीतली घट) माफ करणारी जादा जोडणी पॉलिसीत नसेल तर कंपनी प्लास्टिकच्या बंपरवर ५० टक्के म्हणजे ३,००० कापते. पत्र्याच्या भागावर या वयाला २५ टक्के, म्हणजे १,००० जातात. पेंटिंगच्या एकत्रित बिलातला चौथा हिस्सा रंगाचा धरून त्याचे निम्मे, म्हणजे आणखी १,००० कापले जातात. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दाव्यातून सक्तीची वजावट १,००० असते. असे ६,००० त्यांच्या खिशातून जातात. शिवाय पुढच्या नूतनीकरणाला मिळणारा ४५ टक्के बोनस बुडतो. स्वनुकसानीचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा) मूळ हप्ता १०,००० असेल तर ते ४,५०० झाले. पुढच्या वर्षांत बोनस पुन्हा २० टक्क्यांपासून चढतो, तो फरक वेगळा आणि तो लहान नसतो. म्हणजे मागणी वीस हजारांची असली तरी त्यांना पुढच्या नूतनीकरणापर्यंत पडणारी झळ साडेदहा हजारांच्या आसपास आहे. हा हिशेब कागदावर मांडून दाखवला की आवाज बराच खाली येतो. त्यांचा विमाच स्वनुकसानीचा नसेल तर हा हिशेब चालणार नाही. मग गॅरेज दोघांनी मिळून निवडावे आणि पैसे थेट गॅरेजला द्यावेत. त्यांनी आधीच विम्यातून दावा केला आहे का, हेही विचारावे. दोन्हीकडून घेणारे भेटतात.

पैसे चहाच्या टपरीवर रोख देऊ नयेत. यूपीआयने किंवा चेकने द्यावेत आणि शेऱ्यात दोन्ही गाड्यांचे क्रमांक टाकावेत. पावती साध्या कागदावर चालते. पाच हजारांवरच्या रकमेला एक रुपयाचे रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर सही घ्यावी, शेजारी दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. मजकूर असा : ‘दि. … रोजी … येथे वाहन क्र. … व वाहन क्र. … यांच्यात झालेल्या धडकेत माझ्या वाहनाच्या झालेल्या नुकसानीपोटी रु. … पूर्ण व अंतिम मिळाले. याच नुकसानीसाठी मी अन्यत्र दावा केलेला नाही व करणार नाही. ही रक्कम देणे म्हणजे चूक कबूल करणे नव्हे.’ कोणालाही दुखापत झालेली नसेल तर तेही त्यांच्याच हस्ताक्षरात लिहून घ्यावे. आणि हिशेब मिटेपर्यंत ‘विश्वासाखातर’ म्हणून मूळ आरसी किंवा लायसन्स समोरच्याच्या हाती देऊ नये.

आपला,
मोटार विम्याच्या दाव्यांचे काम पाहणारा एक वाचक, पुणे