‘ड्यूड’ आणि हत्तीचा केस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील चौकटीत ‘ड्यूड’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘हत्तीच्या पार्श्वभागावरील केस’ असा छापून आपण वाचकांच्या ज्ञानात जी भर घातलीत, तिच्याबद्दल आभार मानावेत की आपल्याला एखादा शब्दकोश भेट पाठवावा, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही. मोबाइलवर वर्षानुवर्षे फिरणारी ही थाप आजवर फुकटात वाचायला मिळत होती.

मी इंग्रजीचा निवृत्त शिक्षक असून आजही कडक इस्त्रीचा शर्ट आणि टाय घातल्याखेरीज फिरायला बाहेर पडत नाही. गेल्या महिन्यात आरशासमोर टायची गाठ सारखी करत असताना नातू म्हणाला, “आजोबा, एकदम ड्यूड!” त्याला रागावण्याआधी मी कोश उघडला, तेव्हा पोराने नकळत शब्दाच्या मूळ अर्थालाच हात घातल्याचे आढळले. 1883 मध्ये न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांतून हा शब्द साथीसारखा पसरला, तोच मुळी इंग्रज उमरावांची नक्कल करत तंग विजार, उंच कॉलर आणि हातात छडी अशा थाटात मिरवणाऱ्या तरुणांची टर उडवण्यासाठी; इव्हँडर बेरी वॉल नावाच्या शौकिनाला तर ‘ड्यूडांचा राजा’ हा किताबच मिळाला होता. ‘यँकी डूडल’ या जुन्या गाण्यातील ‘डूडल’वरून तो आला असावा, असे अभ्यासक मानतात. त्या गाण्यातला गडी टोपीत पीस खोवून त्याला ‘मॅकरोनी’ म्हणतो, ती मॅकरोनीसुद्धा खाण्याची नव्हे; अठराव्या शतकातील इंग्लंडात नटव्या तरुणांना तेच नाव होते. थोडक्यात, ड्यूड म्हणजे आपला छेलबटाऊ. पुढे त्याचा थाट उतरला आणि नुसते ‘अरे यार’ उरले, एवढेच. यात हत्ती कोठेही नाही.

हे सारे मी आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर मोठ्या अभिमानाने सांगितले होते. आज सकाळी तेथे पोहोचताच “या गजकेश!” असे माझे स्वागत झाले आणि एका गृहस्थांनी तर खिशातून आपल्या चौकटीचे कात्रणच काढून दाखवले. छापील शब्दापुढे माझ्या बत्तीस वर्षांच्या अध्यापनाचे काही चालले नाही.

माझ्या मागील पत्रातील अर्धा मजकूर आपण गाळला होता आणि उरलेल्यात ‘शुद्धलेखन’ हाच शब्द अशुद्ध छापला होता, तसे या वेळी कृपया करू नये. खुलासा त्याच चौकटीत, त्याच ठळक टायपात यावा. निविदांच्या जाहिरातींखाली नको, कारण आमच्या कट्ट्यावरील मंडळी तेथवर वाचत नाहीत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा