भुसावळ स्टेशनवरच्या त्या माणसांचे आभार

मागच्या रविवारी यावलहून पुण्याला परत निघालो होतो. पारा ४५ अंशांच्या घरात. भुसावळच्या फलाटावर आईला भोवळ आली. एका ताईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, स्वतःचा पदर भिजवून कपाळावर ठेवला, फोडलेला कांदा नाकाशी धरला. एक दादा धावत जाऊन मीठ-साखरेचं पाणी घेऊन आले. 'घाबरू नको भो,' एवढंच म्हणाले. गाडी सुटताना कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठाची पिशवीही कुणीतरी आत सरकवली.

नावं विचारायची राहूनच गेली.

पुण्यानं मला काम दिलं, टेकडीवरची गार पहाट दिली; ते शहर माझंच आहे. पण अनोळखी माणसाला 'भो' म्हणणारी माया तापीकाठचीच. आई आता बरी आहे. काल त्याच पिठाच्या भाकरी तिनं थापल्या. ताई, दादा, तुमचे मनापासून आभार.