2.2 बार म्हणजे 2.2 बार नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत टर्बो गाडी 'ट्यून' करण्यावर लेख आला होता. रोजच्या वापरातल्या डिझेल गाडीला 2.2 बारपर्यंत बूस्ट (टर्बोच्या पंख्यानं इंजिनात दाबून भरलेल्या हवेचं प्रेशर) सुरक्षित असतं, असं त्यात एक वाक्य आहे. आमच्या गावात पेपर चहाच्या टपरीवर येतो आणि दुपारपर्यंत पंधरा-वीस हातांतून जातो. संध्याकाळी दोन पोरं त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून माझ्याकडे आली. मी आयटीआयमध्ये 31 वर्षं डिझेल मेकॅनिकचा निदेशक होतो. निवृत्त झालो, पण बोनेट उघडायची वेळ आली की लोक अजून माझंच दार वाजवतात.

आधी त्या आकड्याचं बोलू. गाडीला स्कॅनर जोडला तर तो मॅनिफोल्डमधलं (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतलं) एकूण प्रेशर दाखवतो, म्हणजे वातावरणाचं धरून. इंजिन बंद ठेवून चावी नुसती ऑन करा, आमच्या वर्धा जिल्ह्यात तरीही 97-98 किलोपास्कल दिसतं. म्हणजे काहीही न करता जवळपास एक बार. स्कॅनरवर 220, म्हणजे 2.2 बार दिसलं, तर टर्बोनं घातलेली भर साधारण 1.2 बार, पीएसआयमध्ये (टायरची हवा मोजतात त्या मापात) सतरा-साडेसतरा. डॅशबोर्डवर बसवलेलं बूस्टचं घड्याळ (गेज) मात्र वातावरणाला शून्य धरून मोजतं. लेखकानं स्कॅनरचा आकडा लिहिला असावा. पोरं तो घड्याळावर शोधणार. 2.2 ची भर म्हणजे 32 पीएसआय. कंपनीच्या छोट्या टर्बोवर एवढं मागणाऱ्यानं क्रेनचा नंबर खिशात ठेवावा.

आता माझ्या पुतण्याची गोष्ट, कारण हे सगळं मला पुस्तकातून आठवलं नाही. त्याची 1.5 लिटरची डिझेल गाडी, 90 हजार किलोमीटर झालेली. देवळीहून बुटीबोरीला रोजचं येणं-जाणं. जानेवारीत त्यानं एका शहरातून रिमॅप करून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधले हवा-डिझेलचे आकडे (मॅप) बदलून आणली. कंपनीचं बूस्ट घड्याळावर 1.2 होतं, ते 1.6 केलं. "काकाजी, आता नुसती पयते जी!" पळत होती, खोटं कशाला बोलू. मीही एकदा चालवली आणि मनात म्हटलं, बरी आहे.

पण जानेवारीत सकाळी हवा 15 अंशांची असते. हवा दाबली की तापते, सायकलच्या पंपाचं टोक तापतं तसंच. 15 अंशांची हवा 1.2 बारच्या भरीनं दाबली, तर टर्बोतून बाहेर पडताना ती 120 अंशांच्या आसपास असते. मे महिन्यात 45 अंशांची हवा तेवढीच दाबली की 160. आणि 1.6 केलं की 190 च्या पुढे. हा हिशोब मी वर्गात फळ्यावर करून दाखवायचो, मुलं जांभया द्यायची. पुढे इंटरकूलर ती हवा थंड करतो, पण त्याच्यावर वाहणारं वारंच 45 चं असेल तर तो कितीसा थंड करणार? गरम हवा विरळ असते. घड्याळावर आकडा मोठा दिसतो आणि सिलिंडरमध्ये प्राणवायू त्या मानानं वाढत नाही. मॅपमध्ये डिझेल मात्र वाढवलेलंच असतं. उरलेलं डिझेल काळा धूर होऊन मागं जातं आणि एक्झॉस्ट तापत राहतो.

मेमध्ये पुतण्या घरच्यांना घेऊन शिर्डीला निघाला. येळाकेळीला समृद्धीवर चढला. एसी फुल, पाच माणसं, डिकीत सामान, काटा 120 वर. गावच्या रस्त्यावर बूस्ट दोन-चार सेकंद येतं आणि उतरतं. समृद्धीवर चढ लागला की मिनिटंच्या मिनिटं ते टिकून राहतं. कारंजा लाडच्या अलीकडे शिट्टीचा आवाज बदलला, चेक इंजिनचा दिवा लागला, गाडी 60 च्या वर चढेना. मागून आधी काळा धूर, मग निळा. दुपारचे दोन, डांबरही नाही, नुसतं काँक्रीट तापलेलं, आणि झाड पाहावं तर मैलभर नाही.

खोलून पाहिलं तेव्हा तीन गोष्टी हाती लागल्या. इंटरकूलरच्या जाळीत रुई बसली होती. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्यानं रोज जाणाऱ्या कुठल्याही गाडीची जाळी पाहा, गादी भरता येईल. एअर फिल्टर मातीनं गच्च. आणि इंटरकूलरच्या रबरी पाइपाला क्लॅम्पखाली बोटभर चीर. यातली चीर मला सर्वांत वाईट वाटते. हवा गळत असते, कॉम्प्युटरला मात्र 1.6 हवंच असतं, म्हणून तो टर्बोला आणखी फिरवतो. घड्याळावर 1.6 च दिसतं. टर्बोचा दांडा किती फिरतो ते कोणतंही साधं घड्याळ दाखवत नाही, आणि लहान टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांवर फेरे घेतो, तेही ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. त्या दांड्यात बोटानं हलवून कळण्याइतकी लूज आली होती. सील गेलेलं. 38 हजार रुपये.

कायद्याचंही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी जुळणार नाही असा फेरफार गाडीत करता येत नाही, आणि विमा कंपनी कारणं शोधतच असते. पण कलमाला कोण भितो. 38 हजारांना भितात.

पेट्रोल टर्बोवाल्यांची रेघ वेगळी. तिथं आधी नॉकिंग येतं. हवा जास्त तापली की ठिणगीनं पेटलेली ज्वाळा पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं आणि पिस्टनला हातोडा बसतो. कॉम्प्युटर ते ऐकून ठिणगी उशिरा टाकतो, ताकद जाते, एक्झॉस्ट आणखी तापतो. आमच्याकडच्या उन्हात साध्या पेट्रोलवर कंपनीच्या आकड्यावर दोन-तीन पीएसआय, याच्या पुढे मी कोणाला हो म्हणत नाही.

पुतण्याच्या गाडीत नवी टर्बो बसली तेव्हा तो म्हणाला, काकाजी, परत कंपनीचंच करू का? मी नको म्हटलं. पाइप, क्लॅम्प बदलले, जाळी उलटीकडून पाण्यानं धुतली (प्रेशर कमी ठेवून, नाहीतर पाती वाकतात), टर्बोच्या आधी एक्झॉस्टमध्ये तापमानाचा सेन्सर बसवला. मॅप पुन्हा करून घेतला: मधल्या आरपीएमला 1.35 आणि 3500 च्या वर उतरत 1.15. कारण वरच्या आरपीएमला लहान टर्बो हवा कमी देते आणि उष्णता जास्त. त्यानुसार डिझेलही कमी केलं. मग मेच्याच एका दुपारी पाच माणसं बसवून, एसी लावून तळेगावच्या सत्याग्रही घाटात नेली. माझी अट एकच होती, चढावर तापमान 750 अंशांच्या वर टिकलं तर आकडा खाली. 720 च्या आसपास राहिलं. वर पोचल्यावर इंजिन लगेच बंद करू दिलं नाही, मिनिटभर तसंच चालू ठेवलं, नाहीतर थांबलेलं ऑइल टर्बोत जळून कोळसा होतं. तेवढ्या मिनिटात पुतणी दोनदा विचारून गेली, चहा केव्हा.

हा 1.35 त्या एका गाडीचा आकडा आहे, त्या जाळीचा, त्या टर्बोचा. तो छापून आणखी पोरं माझ्या दारात पाठवू नका. येत्या रविवारी मात्र एक ओळ जरूर छापा: लेखातला 2.2 हा आकडा वातावरणाच्या प्रेशरसकट आहे.

आपला,
एक निवृत्त निदेशक
ता. देवळी, जि. वर्धा