प्रोग्राम पाठ, फाइल बेपत्ता

मा. उच्च शिक्षणमंत्री,
कर्नाटक शासन, बंगळूर

महोदय, सविनय नमस्कार.

बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी पहिल्या वर्षाची संगणक लॅब सांभाळतो. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत मुलं 'सी' या संगणकभाषेतला प्रोग्राम धडाधड टाइप करतात, आउटपुट दाखवतात. त्याच मुलाला म्हणावं, ही फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये टाक आणि मेलला जोडून पाठव, की हात थबकतो. फाइल कुठं सेव्ह झाली तेच ठाऊक नसतं. मोबाइलवर त्याला फोल्डर शोधायची कधी वेळच आलेली नसते. एक्सेलमध्ये बेरीज करायला सांगितली, तर एका मुलीनं मोबाइलवर हिशेब केला आणि उत्तर तेवढं सेलमध्ये टाइप केलं. उत्तर बरोबर होतं, काय बोलणार!

पाठ केलेल्या प्रोग्रामवर गुण मिळतात, पण संगणक येतो की नाही हे त्यातून कळत नाही. केंद्र सरकार घरोघरी जाऊन करतं त्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 78व्या फेरीत (2020-21) फाइल हलवणं, मेलला फाइल जोडणं, स्प्रेडशीटमध्ये सूत्र घालणं असे नेमके प्रश्न होते. पण तिथं 'येतं का?' एवढंच विचारतात, करून दाखवायला सांगत नाहीत. आमच्या वर्गात विचारून पाहा, सगळे हात वर होतील.

अभियांत्रिकी महाविद्यालयं ज्याला जोडलेली आहेत ते विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ 1998 मध्ये स्थापन झालं आणि ते इथंच, बेळगावजवळ मच्छेला आहे. त्यानं पहिल्याच आठवड्यात अर्ध्या तासाची, संगणकावर करून दाखवायची चाचणी घ्यावी. तिला गुण नकोत, नाहीतर महिन्याभरात तिचंही गाइड बाजारात येईल. जे अडतील त्यांना 'सी'च्या आधी लॅबचे जादा तास द्यावेत.

सूचना मात्र इंग्रजीबरोबर कन्नड आणि मराठीतही हव्यात. खानापूर-निपाणीकडची बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात असतात, रायबागकडची कन्नड माध्यमात. नुसत्या इंग्रजीत चाचणी घेतली तर मोजलं जाईल इंग्रजी आणि शिक्का बसेल संगणकाचा. मराठीचं नाव निघालं की आपल्याकडे फाइल लगेच वेगळ्या टेबलावर जाते. म्हणून सांगतो, ही मागणी दोन्हीकडच्या पोरांसाठी आहे.

पुढच्या बॅचपासून निदान बेळगाव जिल्ह्यात हे करून पाहावं. त्या आठवड्यात मुलं सभागृहात स्वागताची भाषणं ऐकत असतात, लॅब रिकामीच असते.

आपला,
एक लॅब शिक्षक, बेळगाव