माझा प्रश्न न पुसणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

समोर आलं की ‘थँक यू मॅडम’च्या पुढे गाडी जात नाही, म्हणून इथे सगळ्यांदेखत लिहितेय. माझी एमबीबीएसची इंटर्नशिप संपत आली. तुम्हाला मी आठवतही नसेन.

बायोकेम, म्हणजे शरीरातल्या रसायनांचा विषय, निव्वळ रट्टा, हे सीनियर्सनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तुमच्या आधी जे शिकवायला होते त्यांनी ते अगदी मनापासून खरं करून दाखवलं. दिवे बंद, एंझाइम इनहिबिशनची (शरीरातल्या क्रिया घडवणारं एंझाइम अडवलं जाण्याची) स्लाइड, केएम वाढतो की व्हीमॅक्स (एंझाइमचा जास्तीत जास्त वेग) घटतो, ‘हा लाँग क्वेश्चन आहे, पाठ करा.’ २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात केसवरून, स्वतः शोधत शिकण्यावर भर आहे म्हणून एकदा केससुद्धा (एका पेशंटची हकिगत) ‘झाली’. केस आणि उत्तर एकाच पानावर! वाचा आणि लॉगबुकवर सही घ्या. मी शंका काढली तर ‘सिलॅबसमध्ये नाही’, आणि पुढची स्लाइड. परत हात वर करायची इच्छाच राहिली नाही.

मग आमची बॅच तुमच्याकडे आली आणि तुम्ही अर्धंच पान दिलंत. चाळिशीचा शेतमजूर, दिवसभर पऱ्हाटीवर फवारणी, संध्याकाळी उलट्या, तोंडातून लाळ, दरदरून घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. बस. निदान नाही, उत्तर नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली, तेव्हा मी शाळेत होते. घरात त्या बातम्या मोठ्याने वाचल्या जायच्या. त्यांचा व्हीमॅक्सशी काही संबंध असेल, हे स्लाइडवाल्यांनी कधी कळू दिलं नव्हतं.

अॅसिटिलकोलिनएस्टरेजपर्यंत, म्हणजे नसांचा निरोप पोचवणारं अॅसिटिलकोलिन काम झाल्यावर तोडणाऱ्या एंझाइमपर्यंत, आम्ही धडपडत पोचलो. ऑर्गॅनोफॉस्फेट, म्हणजे फवारणीतलं कीटकनाशक, त्या एंझाइमच्या सेरीन या भागाला जाऊन चिकटतं, ते इनहिबिशन इर्रिव्हर्सिबल, म्हणजे परत न सुटणारं, अॅसिटिलकोलिन साचत जातं, म्हणून लाळ, म्हणून घाम. सगळे खूश. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, “पण मॅडम, औषध मारल्यावर बाबांना रात्री अंधुक दिसायचं, मळमळायचं, आणि सकाळी ते परत पंप घेऊन वावरात. एंझाइम कायमचं बंद झालं, तर सकाळी बरं कसं वाटायचं?”

दोन-तीन जण हसले. तुम्ही हसला नाहीत. खडू घेऊन प्रश्न बोर्डावर लिहिलात, माझ्याच शब्दांत, ‘बाबांना’सकट. “मलाही नीट बघावं लागेल,” म्हणालात. तास संपल्यावर प्रश्नाभोवती चौकोन काढून खाली लिहिलंत, ‘पुसू नये’. पुढच्या ट्यूटोरियलला आम्ही आलो तेव्हा बाकीचा बोर्ड दुसऱ्या कुणाच्या आकृत्यांनी भरला होता. चौकोन जागच्या जागी. शिपाईकाकांना तुम्ही वेगळं सांगून ठेवलं होतंत, हे नंतर कळलं.

उत्तर गटानेच शोधलं. लक्षणं दिसतात ती एंझाइमचा बराच मोठा भाग बंद पडल्यावर. ती ओसरली याचा अर्थ एंझाइम पूर्ण भरून आलं, असा नाही. हे एंझाइम रक्तातल्या लाल पेशींवरही असतं. लाल पेशीला केंद्रक नाही, ती नवं एंझाइम बनवू शकत नाही. तिथली पातळी रोज साधारण एक टक्क्याने वर येते, जुन्या पेशी जाऊन नव्या येतील तशी. म्हणजे सकाळी बरं वाटणारे बाबा अर्ध्या शिलकीवर परत वावरात जात होते, आणि प्रत्येक फवारणीने शिल्लक आणखी घटत होती. मी त्या रात्री घरी फोन केला. शिकलेलं काही घरच्यांना सांगावंसं वाटण्याची ती पहिलीच वेळ!

केसवरून शिकवायची ही पद्धत १९६९ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात सुरू झाली, असं नंतर वाचलं. असेल. पण पद्धत आमच्याकडे आधीही कागदावर होतीच की. शिकवणाऱ्याने समोरच्याचा प्रश्न खरा मानला नाही, तर केसचाही रट्टाच होतो. वॉर्डात आता मी हेच बघते. पेशंटच्या आईचं बोलणं अर्ध्यात तोडणारे खूप. एखादेच सर स्टूल ओढून बसतात आणि “बोला, मावशी” म्हणतात. अशांच्या युनिटला पोस्टिंग मिळालं की बरं वाटतं. साधी माणुसकी आहे, पण फार कमी ठिकाणी मिळते.

मेडिसिनला असताना फवारणीचे पेशंट आले. अॅट्रोपिन (या विषबाधेवरचं औषध) चालू असताना एकाने विचारलं, “उद्या बरं वाटलं तर परवा फवारू का?” मला उत्तर येत होतं, त्याला समजेल अशा भाषेत.

बाबा आता फवारण्यांमध्ये खंड ठेवतात, वाऱ्याची दिशा बघतात, घरी आल्या आल्या अंघोळ करतात. मास्क मात्र लावत नाहीत, गुदमरतं म्हणतात. माझं ऐकत नाहीत. कधी आमच्याकडे आलात तर तेवढं तुम्हीच सांगा, मॅडम.

तुमची,
मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी